कणगीचा तळ

ऐका बरं का. लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी मागं टेका, आणि ज्यांना वाटतं की आपण आता असल्या गोष्टी ऐकायच्या वयाचे राहिलो नाही, त्यांनी तर मुळीच उठू नका. ही गोष्ट मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

फार फार पूर्वी, राजे होते आणि राजांना झोपही लागायची त्या काळात, एका डोंगराच्या कुशीत कळकवाडी नावाचं गाव होतं. गावात घरोघरी कळकाचं, म्हणजे बांबूचं काम. सुपं, टोपल्या, रोवळ्या, कोंबड्यांची डालगी, काय म्हणाल ते. पण गावाचं खरं नाव होतं ते कणगीसाठी. कणगी ठाऊक आहे ना? माणूस आत उभा राहिला तर नुसती टाळू दिसेल एवढी उंच, पोटाला फुगीर अशी धान्याची कोठी. ती विणायची, बाहेरून शेणामातीनं सारवायची, वाळली की वर्षाचं धान्य तिच्यात ओतायचं. सगळ्या पंचक्रोशीचं पोट या कणग्यांवर चालायचं.

एवढी मोठी कणगी एकट्याच्यानं विणून होत नाही. एकानं आत बसायचं, एकानं बाहेर. बाहेरच्यानं कामटी, म्हणजे कळकाची सोललेली पट्टी, आत सारायची, आतल्यानं ती ओढून परत बाहेर द्यायची. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसती बोटं दिसतात. म्हणून तिथं माणूस भरवशाचा लागतो, नाहीतर कामटीचं टोक सरळ डोळ्यात जायचं.

या गावाची एक रीत होती. कुठलंही नवं काम, त्याचा काठ न बांधता, आधी पारावर आणून ठेवायचं. मग येणारा-जाणारा त्यात बोटं घालणार, वाकवून बघणार, "इथं ढिली पडलीय गं," म्हणणार, आणि नाहीच पटलं तर सरळ उसवून आपल्या पद्धतीनं विणून दाखवणार. ज्याला जी वीण आवडेल त्यानं ती उचलावी, घरी न्यावी, तिच्यात भर घालावी. विचारायचं नाही आणि आभारही मानायचे नाहीत. याला गावात 'उघडा काठ' म्हणत. एकाच्या हातून विसरलं गेलं तरी दहांच्या हातात ते शिल्लक राहायचं. कुठली वीण मूळची कुणाची, हे त्यामुळं कुणालाच सांगता यायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. भाजीत मीठ कुणी घातलं, हे आपण जेवताना विचारतो का? खारट झाली तरच विचारतो.

या गावात धुरपा नावाची बाई राहायची. हात सोन्याचे, पण स्वभाव महासंशयी. दुधात बोट बुडवल्याशिवाय दूध घेणार नाही, कळक नाकाशी नेल्याशिवाय विकत घेणार नाही, आणि पाहुणा गोड हसला तर आधी त्याच्या वहाणांकडं बघणार. "मला कुणी फसवून दाखवावं!" असं ती कमरेवर हात ठेवून म्हणायची. लबाड माणूस असं म्हणणारं गिऱ्हाईकच शोधत असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

राही ही तिची धाकटी जाऊ. दूर घाटाखालच्या गावाहून लग्न होऊन आलेली. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पण कणगीच्या आत बसावं तर राहीनंच. धुरपा बाहेर, राही आत, अशा दोघींनी किती कणग्या विणल्या त्याला गणती नव्हती. अख्ख्या जगात धुरपा एकाच माणसावर संशय घ्यायची नाही, ती म्हणजे ही जाऊ.

आता कणगीला एक मोठी खोड होती. पावसाळ्यात जमिनीची ओल तळातून वर चढायची आणि खालचं धान्य कुजायचं. दरवर्षी आणि प्रत्येक घरात. लोक ते काळं पडलेलं धान्य गुरांपुढं टाकायचे आणि नशिबाला बोल लावायचे. ज्याच्या घरी कणगी काठोकाठ, त्याला काय त्याचं! पण ज्याची मुळात निम्मीच भरलेली, त्याच्या लेकरांचे श्रावणातले घास त्या तळाशी नासायचे. राहीच्या माहेरी असाच एक श्रावण आला होता आणि त्यात तिची पाठची बहीण गेली. राही त्याबद्दल कधी बोलली नाही. पण तेव्हापासून तिचं डोकं कणगीच्या तळात अडकून बसलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता तिला ते साधलं. परडीएवढा एक लहानसा तळ तिनं विणला. दोन पदरी, मधे हवा खेळायला जागा, आणि कामट्यांचा पीळ असा की ओल आली तरी बाजूनं निघून जावी. ओल्या मातीवर तिनं तो ठेवला, वर मूठभर ज्वारी पसरली, आणि दिवसामागून दिवस गेले तरी ज्वारी कोरडी ठणठणीत! ती धुरपाला हात धरून घेऊन आली. धुरपानं दाणा दाताखाली धरला, फोडला, पुन्हा एक फोडला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं बाई, राही! हे काय केलंस तू! चल, आत्ताच्या आत्ता पारावर ने."

"थांबा ना, जाऊबाई," राही म्हणाली. "एकदाच जमलंय. कसं जमलं ते माझं मलाच धड कळलेलं नाही. आणखी थोड्या वेळा विणते, हात बसू दे. मग नेऊ."

धुरपानं मान डोलवली. तो लहानसा तळ, परडीच म्हणा ना, राहीनं चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. मंडळी, या गोष्टीत जे काही कमवायचं किंवा गमवायचं आहे, ते सगळं त्या परडीत आहे. तिच्यावरची नजर हलवू नका.

त्याच आठवड्यात गावात एक शेट आला. घोड्यावर रेशमी झूल, अंगाला अत्तराचा घमघमाट, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि खोगिराला एक जड चामडी पिशवी. घोडा हलला की पिशवी खणखण वाजायची.

पिशवीत काय होतं, सांगते. राजानं एक कायदा केला होता. ज्यानं नवी कला शोधली त्यानं दरबारात यावं, ती दाखवावी आणि तांब्याची मुद्रा घेऊन जावी. मग त्याच्या परवानगीवाचून ती कला दुसऱ्या कुणी वापरायची नाही. हेतू चांगला होता हो! गरीब कारागिराचं कुणी चोरू नये, एवढाच. पण दरबारातल्या लोकांना कळकातलं काय कळतं? जो येईल आणि जे दाखवील, त्यावर ठप्पा. या शेटनं आयुष्यात एक कामटी सोलली नव्हती. त्यानं काय केलं, अडलेल्या कारागिरांच्या मुद्रा विकत घेतल्या, काही दरबारातून आपल्याच नावावर ठोकून आणल्या, आणि पिशवी भरली.

शेट पारावर बसला. गूळपाणी घेतलं. मांडून ठेवलेल्या कणग्यांवर काठीनं टकटक केलं.

"वा! नाव ऐकलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. फक्त एकच गोष्ट जिवाला लागते बघा. या कणग्यांत माझ्या विणी आहेत. एक-दोन असत्या तर मी बोललोही नसतो. पुष्कळ आहेत. सगळ्यांच्या मुद्रा या पिशवीत आहेत."

गावात सगळ्यांत वडीलधारे हैबती आबा. ते काठी टेकत उठले.

"शेट, तसं असेल तर आमची चूक झाली. दुसऱ्याचं दडपून ठेवायची आमची रीत नाही. कुठल्या विणी तेवढं दाखवा. तुमच्यासमोर उसवतो आणि तिथं दुसरं काही घालतो. आमच्याकडं विणींचा काय दुष्काळ आहे?"

शेट मधासारखा हसला. "एवढी घाई कशाला, आबा? मी काय भांडायला आलोय? वेळ आली की सांगेन."

"पण मग आम्ही उसवायचं काय?"

"तेही वेळ आली की कळेल."

आणि गेला की हो! काही मागितलं नाही, कुणाला दरडावलं नाही. जाताना राहीच्या हातून घोड्याला पाणी मात्र पाजलं. धुरपा हे सगळं डोळे बारीक करून बघत होती. "हा परत येणार," ती म्हणाली, आणि तिथवर तिचं बरोबर होतं. पण पुढं तिच्या मनात आलं, 'याला आमच्या विणींची खबर दिली कुणी? गावातलंच कुणीतरी फितूर असणार.' तिचं जे चुकलं ते इथून चुकलं.

पुढच्या बाजाराला कळकवाडीची कणगी कुणी घेईना. दर बाजाराला येणारी गिऱ्हाइकं लांबूनच राम राम करायची. धुरपानं एकीला पदर धरून थांबवलं.

"काय गं, तोंड का फिरवतेस? गेल्या वर्षीची कणगी फुटली का?"

"नाही गं बाई, कणगी दणदणीत आहे. पण लोक म्हणतात, तुमच्या कणगीत चोरीची वीण निघाली तर आतलं धान्यसुद्धा दरबार जप्त करणार."

"कुठली चोरीची वीण?"

"ते कुणाला ठाऊक? वरून सारवलेली असते ना, दिसतं कुठं! तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण नसती आफत कोण घरात आणून ठेवील?"

म्हणजे बघा. शेणामातीखाली काय आहे ते बाईला दिसत नव्हतं, म्हणूनच तिला ते चोरीचं वाटत होतं. शेटनं गावात काही केलंच नव्हतं. त्यानं नुसतं गिऱ्हाइकांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या कणग्यांवर काठीनं टकटक केलं होतं आणि "अरेरे" म्हटलं होतं.

मग आले बिल्ले. शेटचा माणूस बाजारात चटई टाकून बसला. जो शेटचा पितळी बिल्ला गळ्यात घालील त्याला अभय, त्याच्या गिऱ्हाइकालाही अभय. अट साधीच: काठ उघडा ठेवून पारावर काही आणायचं नाही, आणि नवी वीण सुचली तर आधी शेटला दाखवायची. धुरपाच्या समोरच्या घरातला कोंडाजी पोराबाळांचा धनी, घाबरट माणूस. त्यानं बिल्ला घेतला. त्याच्या कणग्या विकायला लागल्या. लोक म्हणाले, "बघा, कोंडाजीनं अभय घेतलं. म्हणजे शेटचं काहीतरी खरं असणार. उगाच कोण कशाला घेईल?" एका भित्र्या माणसाच्या गळ्यातला बिल्ला हाच आता साऱ्या गावाविरुद्धचा पुरावा झाला.

आणि गावानं काय केलं? या गावाला ऐकून घ्यायची सवय, उसवायची सवय. चूक आहे म्हणताहेत ना, मग उसवूया. पण काय उसवायचं ते तर कुणी सांगितलेलं नाही! मग ज्याला जी वीण परकी वाटली ती त्यानं उसवली, आणि मजा अशी की परकी वाटायची ती नेहमी शेजाऱ्याकडून आलेली. खालच्या आळीनं वरच्या आळीची वीण टाकून दिली. वरच्या आळीनं खालच्या आळीची टाकली. कणग्या पोटात ढिल्या पडल्या, कडेला वाकल्या. पारावर कुणी काही आणीना. दारात बसून विणणारी माणसं दार लोटून विणू लागली. हैबती आबा एकटेच पारावर बसून राहायचे.

धुरपाच्या अंगणात एक मोठी कणगी निम्मी विणून उभी होती. त्या दिवशी राही आत होती, धुरपा बाहेर. कामटी आत जात होती, बाहेर येत होती. पण धुरपाचं मन कामात नव्हतं. ते जोडण्या करत होतं. राही घाटाखालची. शेटही घाटाखालून आला. राहीला तळ साधला, त्याच आठवड्यात शेट उगवला. घोडा पाणी प्यायला, तो राहीच्याच हातून. झालं! संशयी माणसाला एवढं पुरे होतं.

"राही," ती बाहेरून म्हणाली, "तो तळ तुला आपोआप सुचला, का कुणी दाखवला?"

आतली बोटं थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे, तुझ्या माहेराकडची वीण असेल. मुद्रा घेतलेली. त्या शेटला तू पाणी दिलंस, मी पाहिलं."

"घोड्याला दिलं, जाऊबाई."

"काय बोलणं झालं तुमचं?"

"घोड्याशी?"

"थट्टा नको! सगळ्या गावाच्या भाकरीचा प्रश्न आहे. खरं काय ते सांग. तो तळ आपल्या घरात सापडला तर आपलं काय होईल?"

राही चौरंगावर पाय देऊन बाहेर उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती सरळ घरात गेली, कोनाड्यातली परडी उचलली आणि पेटत्या चुलीत ठेवली. कळक जळताना फटफट फुटतो. तो आवाज अंगणापर्यंत आला.

धुरपा उंबऱ्यापर्यंत धावली. हात पुढं केला असता तर परडी निघाली असती. तिनं केला नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तिला हायसं वाटलं.

"आता सापडणार नाही," राही म्हणाली, आणि पदर खोचून आपल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती कणगीत बसली नाही.

धुरपानं एकटीनं विणून बघितलं. बाहेरून कामटी सारायची, चौरंगावर चढून आत उतरायचं, ओढायची, पुन्हा बाहेर यायचं. तोवर पहिली निसटलेली असायची. शेजारणी दाराच्या फटीतून बघत होत्या, पण मदतीला कुणी आलं नाही. कुणाच्या कणगीला हात लावावा आणि त्यात शेटची वीण निघावी, ही भीती सगळ्यांनाच होती.

शेवटी धुरपा कंटाळली आणि बिल्ला आणायला बाजारात गेली. हो, तीसुद्धा! शेटचा माणूस चटईवर सुपारी कातरत होता. धुरपानं बिल्ला हातात घेतला, पण सवय जाते कुठं? उलटा करून बघितला, दातानं चावून बघितला.

"हा घेतला म्हणजे माझ्या कणगीतल्या कुठल्या विणी माफ?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे कुठल्या? शेटच्या कुठल्या नि माझ्या कुठल्या?"

"ते मला काय ठाऊक?"

"मग शेटना विचारून सांगा. मी थांबते."

तो माणूस वैतागला. "शेट कुण्णाला सांगत नाहीत, बाई. अहो, सांगितलं तर तुम्ही ती वीण उसवून मोकळ्या होणार! मग बिल्ला कोण घेणार?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण धुरपानं ऐकायचं ते ऐकलं होतं. ती तिथंच बाजाराच्या धुळीत बसली. ज्याचं खरंच चोरीला गेलंय तो माणूस गावभर ओरडून सांगतो, ही माझी गाय, हिच्या कपाळावर चांदवा आहे. हा तर कपाळही दाखवत नाही, शिंगही दाखवत नाही, आणि दरबारातही जात नाही. गेला तर तिथं दाखवावं लागेल! दुधात बोट बुडवणारी मी, धुरपा स्वतःशीच म्हणाली, याच्या पिशवीत एकदा डोकावलेसुद्धा नाही. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याला गूळपाणी दिलं, आणि जिच्यावर घ्यायचा नाही तिला...

ती उठली आणि पळत सुटली. राही ओसरीवर तांदूळ पाखडत होती.

"राही, माझं चुकलं गं. मी तुझ्यावर आळ घेतला. मला माफ कर."

राहीनं सूप खाली ठेवलं नाही. "त्या शेटनं सगळ्या गावाला चोर म्हटलं, जाऊबाई. पण त्यानंसुद्धा माझ्याकडं बोट दाखवलं नाही. ते तुम्ही दाखवलंत."

धुरपा ओसरीच्या पायरीवर बसून लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. राहीनं तिला रडू दिलं, डोळे पुसायला गेली नाही. तांदूळ पाखडून झाले, तेव्हा ती म्हणाली, "कणगी अंगणात उन्हानं तडकेल. चला, पुरी करू."

दोघींनी कणगी विणली. गावातली जी जी वीण आठवली ती सगळी त्यात घातली, टाकून दिलेलीसुद्धा. कामट्या कमी पडल्या तेव्हा धुरपानं कोंडाजीचं दार वाजवलं. तो आधी बिल्ल्याकडं बघत उभा राहिला, मग कोपऱ्यातला भारा उचलून तिच्या पायाशी टाकला. काठ बांधला नाही, शेणाचा हातही लावला नाही. बाजाराच्या दिवशी ती कणगी बैलगाडीत घालून त्यांनी बाजाराच्या मधोमध, शेटच्या चटईसमोर उभी केली.

धुरपाचा आवाज आधीच खणखणीत, त्यात ती चिडलेली.

"या, या! ही बघा कळकवाडीची कणगी. आत बघा, बाहेर बघा, बोटं घालून बघा. शेट म्हणतात यात त्यांच्या विणी आहेत. असतील! आम्ही नाही म्हणत नाही. शेटनी यावं, ज्या विणीवर हक्क असेल तिच्यावर बोट ठेवावं. सगळ्यांसमोर ती उसवू. पण बोट ठेवल्याशिवाय यापुढं आम्हाला कुणी चोर म्हणायचं नाही!"

गर्दी जमली. गिऱ्हाइकं आली, शेटचा माणूस आला, आणि थोड्या वेळानं गर्दी बाजूला सारत शेटही आला. लोकांनीच त्याला पुढं ढकललं. इतके दिवस ज्या लोकांना त्यानं घाबरवलं होतं, त्यांनाच आता बघायचं होतं.

"मी असल्या गोष्टी रस्त्यात उभं राहून करत नाही," शेट म्हणाला.

"टकटक तर दारोदार, चारचौघांत केली होती," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

शेटचं तोंड लाल झालं. त्यानं काठीचं टोक कणगीच्या खांद्यावर टेकवलं. "ही. ही माझी आहे."

"काठी नको. बोट," धुरपा म्हणाली.

त्यानं बोट ठेवलं. राही कणगीच्या आत उतरली, धुरपा बाहेर बसली. दोघींनी तेवढा पट्टा उसवला. लोक शेंगा फोडत बघत होते. आतून बोटं आली, बाहेरून कामटी गेली, आणि शेंगांची टरफलं जमिनीवर पडेपर्यंत त्या जागी दुसरी वीण बसली. कणगीनं काही तक्रार केली नाही.

"झालं," धुरपा म्हणाली. "ती मुद्रा तुम्हाला लखलाभ. आता पुढची?"

शेट पिशवी धरून उभा राहिला. तोही हिशेबी माणूस होता. जेवढ्या वेळा बोट ठेवायचं, तेवढ्या मुद्रांचा या गावापुरता कचरा होणार, हे त्याला आपल्या माणसाआधीच कळलं होतं. "वेळ आली की बघू," तो पुटपुटला आणि घोड्यावर बसला. पुन्हा तो त्या बाजारात दिसला नाही. त्याला कुणी शिक्षा केली असं समजू नका. दुसऱ्या कुठल्यातरी गावात जाऊन तो काठीनं टकटक करतच असणार, तेव्हा त्या आवाजावर कान ठेवा.

कणग्या पुन्हा विकायला लागल्या. कोंडाजीनं बिल्ला मोडीत घातला आणि पहिल्यांदा आपलं डालगं काठ न बांधता पारावर आणून ठेवलं. लोकांनी त्याला चार शब्द सुनावले आणि मग डालग्यात बोटं घातली. हैबती आबांना भलताच आनंद झाला. सगळं पहिल्यासारखं झालं, असं गाव म्हणू लागलं.

तेव्हा एक दिवस धुरपानं धीर केला. "राही, आता काही भीती नाही. तो तळ पुन्हा विण ना गं. या वेळी पारावरच बस. सगळा गाव तुझ्या हाताशी उभा राहील."

राही बसली. सगळा गाव भोवती बसला. तिनं कामट्या घेतल्या, दोन पदर धरले, पीळ दिला. उसवलं. पुन्हा दिला. उसवलं. एकदाच जमलेली गोष्ट होती ती. कुणी पाहिली नव्हती, कुणाच्या बोटांत बसली नव्हती. ऊन कललं तरी राही विणत होती आणि उसवत होती. दुसऱ्या दिवशीही बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेवटी तिनं कामट्या मांडीवर ठेवल्या.

"नाही येत, जाऊबाई," ती म्हणाली. "गेली ती."

धुरपानं तिचा हात धरला. राहीनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

मग पावसाळा आला आणि जमिनीची ओल चढली. श्रावणात घरोघरी कणग्यांचा तळ उपसला गेला. ज्यांच्या घरी भरपूर होतं त्यांनी काळं धान्य गुरांपुढं टाकलं. ज्यांच्या घरी नव्हतं ते उपाशी राहिले, आणि डोंगरापलीकडच्या एका झोपडीत एक लहान पोर त्या श्रावणातून उठलं नाही. शेटनं कळकवाडीतून एकही वीण नेली नव्हती. जी गेली ती गावातल्या चुलीत, घरच्या माणसाच्या संशयानं गेली, आणि धुरपानं मरेपर्यंत दुसऱ्या कुणालाही त्याचा दोष दिला नाही.

तेव्हा मंडळी, घरी जाताना एवढं गाठीला बांधून न्या: जो बोट ठेवून दाखवत नाही त्याच्या आरोपाला भिऊन जो आपल्याच माणसावर संशय घेतो, तो चोर यायच्या आधी आपल्या हातानं आपलं घर रिकामं करतो.